मणक्याच्या इजेनंतर ताकदीचा व्यायाम : जोर किती लावायचा हे दहापैकी आकड्याने कसं ठरवायचं

सांगली-साताऱ्याच्या या तालमींच्या भागात व्यायाम झाला की नाही हे घामावरून ठरतं. बनियन पिळून निघाला, छाती धपापली, दुसऱ्या दिवशी अंग भरून आलं, की गडी खूश. मज्जारज्जूला इजा झालेला माणूस दवाखान्यातून घरी येतो तेव्हा घरचे त्यालाही हेच माप लावतात. पण मेंदूचे निरोप जिथे तुटले तिथून खाली घाम येत नाही, किंवा अगदी कमी येतो. इजा मानेत किंवा छातीच्या वरच्या भागात असेल तर हृदयाचा वेग वाढवणाऱ्या नसांपर्यंत मेंदूचा हुकूम नीट पोचत नाही. मानेच्या पूर्ण इजेत सगळं बळ लावलं तरी नाडी बहुधा १०० ते १३० च्या आसपासच अडते. अंग भरून येण्याचं तर विचारूच नका. ज्या हातांनी पलंगावरून खुर्चीत जायचं तेच हात भरून आले, तर दुसऱ्या दिवशी संडासला जायची पंचाईत होते.

म्हणून माप घ्यायचं ते स्वतःला विचारून : दहापैकी किती जोर लागला? फिजिओथेरपिस्ट याला आरपीई म्हणतात, म्हणजे स्वतःला जाणवलेल्या जोराचा आकडा. हा आकडा पहिल्या दिवशी कुणालाच धड सांगता येत नाही, पण काही आठवड्यांच्या सरावाने येतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आकड्याच्या शेजारी हात कशामुळे थांबला तेही लिहायचं. हे कारण नसेल तर आकडा निम्माच कळतो. तसं का, ते पुढे सविस्तर आलं आहे.

आधी कार्ड काढा

डिस्चार्ज कार्डावर इजेची लेव्हल लिहिलेली असते : सी ५, सी ७, डी ४, डी १०, एल १ वगैरे. आपल्याकडे छातीच्या मणक्यांना डी लिहितात, काही ठिकाणी टी लिहितात. डी ६ आणि टी ६ एकच. शेजारी ए, बी, सी किंवा डी असं अक्षर असतं. ए म्हणजे पूर्ण इजा. सी आणि डी म्हणजे इजेच्या खालीही काही हालचाल शिल्लक आहे.

मानेच्या इजेत कोणते स्नायू हाताशी आहेत ते लेव्हलवरून ढोबळमानाने कळतं. सी ५ ला कोपर वाकवता येतो, सी ६ ला मनगट वर उचलता येतं, सी ७ ला कोपर सरळ करता येतो, सी ८ ला बोटं मिटता येतात. छातीच्या किंवा कमरेच्या इजेत दोन्ही हात पूर्ण चालतात, फक्त पोटाचे आणि पाठीचे स्नायू कुठपर्यंत साथ देतात हे बदलतं. डी ६ किंवा त्याच्या वर इजा असेल तर या लेखातला रक्तदाबाचा भाग (‘इथे आकडा विचारायचा नाही, थांबायचं’) व्यायाम सुरू करण्याआधी घरातल्या दोघांनी तरी वाचून ठेवावा.

सर्जनची परवानगी लागतेच. रॉड-स्क्रू बसवलेले असोत की नुसता पट्टा असो, हाड जुळेपर्यंत किती वजन चालेल हे तेच सांगतील. मिरज आणि कराड इथल्या मोठ्या रुग्णालयांत फिजिओथेरपीचे विभाग आहेत. एकदा तिथे जाऊन प्रत्येक स्नायूची ० ते ५ अशी श्रेणी लिहून घ्या. श्रेणी ३ म्हणजे नुसत्या हाताचं किंवा पायाचं वजन वर उचलता येतं. त्याच्या खालच्या स्नायूंना डंबेल द्यायचं नसतं. बसायच्या जागी जखम असेल तर ती भरेपर्यंत बसून व्यायाम नाही, आणि याला अपवाद नाही.

किती व्यायाम पुरेसा? २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय शिफारशी सांगतात की चालू असलेल्या प्रत्येक मोठ्या स्नायूगटाला आठवड्यातून २ दिवस, प्रत्येकी ३ सेट (सेट म्हणजे न थांबता सलग केलेल्या उचली), मध्यम ते जड जोराने व्यायाम द्यावा. शिवाय दम लागेल असा व्यायाम आठवड्यातून दोनदा किमान २० मिनिटं करावा. या शिफारशी इजेला वर्ष उलटलेल्या प्रौढांसाठी आहेत. त्याआधीच्या काळात वेग फिजिओ ठरवतील.

आकडा असा लावतात

सेट संपला की लगेच स्वतःला एक प्रश्न विचारायचा : याच ढबीने, न थांबता, अजून किती वेळा जमलं असतं? जितक्या वेळा शिल्लक, तितके दहातून वजा.

१० : एकही शिल्लक नाही. शेवटची उचल जेमतेम झाली किंवा अर्ध्यात अडली.
९ : एक शिल्लक.
८ : दोन शिल्लक. उचल आपोआप संथ होते.
७ : तीन शिल्लक. जड आहे, पण ढब बिघडलेली नाही.
६ : चार शिल्लक.
५ : पाच-सहा शिल्लक.
३–४ : काम जाणवतं, पण किती शिल्लक ते सांगता येत नाही.
१–२ : नुसता हात हलवल्यासारखं.

पाचाच्या खाली मोजदाद करत बसू नका. तिथे अंदाज कुणाचाच नेमका येत नाही आणि त्याची गरजही नाही.

एक गोंधळ हमखास होतो. दवाखान्यातल्या भिंतीवर बहुतेक वेळा बोर्ग यांचा तक्ता असतो. गुन्नर बोर्ग हे स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ. त्यांचा जुना तक्ता ६ ते २० असा आहे, कारण आकड्याला दहाने गुणलं की धडधाकट माणसाची अंदाजे नाडी निघावी असा त्यामागचा विचार होता. त्यात १३ म्हणजे ‘थोडं जड’, १५ म्हणजे ‘जड’. मानेच्या इजेत नाडीचं हे गणित जुळत नाही हे वर आलंच. बोर्ग यांचा दुसरा तक्ता ० ते १० आहे, पण त्यात ५ लाच ‘जड’ म्हटलं आहे. शिल्लक मोजून काढलेला ५ त्यापेक्षा बराच हलका असतो. फिजिओंनी ‘पाचपर्यंत जा’ सांगितलं तर कोणत्या तक्त्यातला पाच ते तिथेच विचारून घ्या आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

आकडा माणसाने स्वतः सांगायचा, घरच्यांनी आधी बोलायचं नाही. मुलगा विचारेल, ‘आबा, अजून किती झाले असते?’ आबा म्हणतील, ‘दोन-तीन.’ ‘दोन का तीन?’ ‘दोन.’ मग आठ. एवढं संभाषण पुरतं. ‘हाणा, अजून एक, अजून एक’ असा घोष चालू असला की आकडा माणसाचा राहत नाही, घोष करणाऱ्याचा होतो.

हात कशामुळे थांबला?

धडधाकट माणूस डंबेल खाली ठेवतो तेव्हा बहुतेक वेळा त्या स्नायूला रग लागलेली असते. मणक्याच्या इजेनंतर तसं असेलच असं नाही. डी ४ चा माणूस बसून हात पुढे ढकलतो, आठव्या वेळी धड पुढे कलतं आणि तो थांबतो. विचारलं तर ‘नऊ’ म्हणतो. छातीच्या स्नायूंत मात्र अजून सहा-सात सहज शिल्लक होत्या, थकला तो तोल सांभाळणारा भाग. सी ६ ला दंडात बळ असतं पण मूठ वळत नाही, त्यामुळे डंबेल निसटतं आणि आकडा ‘दहा’ लिहिला जातो. असे आकडे धरून वजन कमी करत गेलं तर महिनोन्महिने व्यायाम होतो आणि ताकद वाढत नाही.

म्हणून आकड्यापुढे या शब्दांपैकी एक लिहायचा : रग, पकड, तोल, दम, झटका, दुखणं.

‘रग’ असेल तरच तो आकडा वजन ठरवायला वापरा. बाकीच्यांना त्यांचा त्यांचा इलाज आहे.

तोल : व्हीलचेअरचे दोन्ही ब्रेक लावा, खुर्चीची पाठ भिंतीला टेकवा, आणि छातीच्या खाली रुंद पट्टा किंवा चौपदरी घडी केलेली सुती साडी खुर्चीच्या पाठीला बांधून घ्या. श्वास घेताना बरगड्या मोकळ्या फुलल्या पाहिजेत, इतपतच घट्ट. दुसरा उपाय म्हणजे एका हाताने चाक धरून दुसऱ्या हाताने एकेक सेट करणे.

पकड : मनगटाला बांधायचा वेट कफ वापरा, म्हणजे मुठीचा प्रश्नच येत नाही. डंबेलच घ्यायचं तर क्रेप बँडेजने हात त्याला गुंडाळा, पण सेट संपताच सोडून कातडीवर वळ आलेत का ते पाहा, कारण तिथे टोचलेलं कळत नाही. सी ६ वाल्यांनी व्यायामाच्या आधी-नंतर मनगट मागे वाकवून बोटं ताणू नयेत. मनगट वर उचललं की बोटं आपोआप किंचित मिटतात, त्यावरच पेला धरणं आणि घास उचलणं चालतं. ती बोटं ताणून सैल केली की ही पकड जाते.

दम : मानेच्या किंवा वरच्या छातीच्या इजेत बरगड्यांचे आणि पोटाचे स्नायू श्वासाला मदत करत नाहीत, त्यामुळे हाताआधी दम संपतो. जोर लावताना श्वास सोडायचा, परत येताना घ्यायचा, आणि दोन सेटमध्ये ३ मिनिटं थांबायचं. पोटाला पट्टा बांधायला सांगितलं असेल तर तो बांधूनच बसा. ‘बोलता येतंय तोवर हलकं’ हा चालणाऱ्या-पळणाऱ्यांचा नियम इथे लावू नका.

झटका : पाय आखडले किंवा उडाले तर थांबा, ओसरू द्या, मग पुढे चालू करा. रोजच्यापेक्षा झटके जास्त येत असतील तर व्यायामापेक्षा लघवी, पोट, जखम, नख हे आधी तपासा. खाली काहीतरी बिघडल्याची ती खूण असते.

दुखणं : याचा आकडा वेगळा लिहा. खांद्याच्या पुढच्या बाजूला किंवा वर टोचणारी कळ म्हणजे जोर नव्हे. कळ दहापैकी ३ च्या वर गेली की त्या दिवशी तो व्यायाम बंद, मग जोर चारच का असेना.

सामान

फार काही लागत नाही. लाल, हिरवा आणि निळा असे व्यायामाचे तीन रबरी बँड, अर्धा आणि एक किलोचे वेट कफ, जाड टॉवेल, पाण्याची फवाऱ्याची बाटली आणि दंडाला बांधायचं रक्तदाबाचं यंत्र. एक लिटरची भरलेली बाटली म्हणजे एक किलो, अर्धा लिटर म्हणजे अर्धा किलो. वाळूची पिशवी शिवली तर किराणा दुकानाच्या काट्यावर तोलून वर वजन लिहा. ‘अंदाजे दोन किलो’ असेल तर आकड्याला काही अर्थ राहत नाही.

बँड जितका ताणाल तितका जड होतो. थेराबँडचा लाल पट्टा दुप्पट लांबीपर्यंत ताणला की साधारण १.७ किलो ओढ देतो, हिरवा २.१, निळा २.६. दुसऱ्या कंपन्यांचे रंग याच्याशी जुळतीलच असं नाही. बँड खिडकीच्या गजाला बांधा आणि खुर्चीची चाकं कुठे होती तिथे फरशीवर खडूने रेघ मारा. खुर्ची अर्धा फूट मागे गेली तरी त्याच बँडचा आकडा सहाचा आठ होतो आणि माणूस उगाच काळजी करत बसतो. पावसाळ्यात बँड चिकटायला लागले तर टाल्कम पावडर लावून ठेवा. बारीकशी चीर दिसली की टाकून द्या, ताणात तुटून तोंडावर बसतो.

कोणते व्यायाम, कोणत्या आकड्यापर्यंत

खुर्ची ढकलणं, पलंगावरून सरकणं, उचलून बसणं ही सगळी ढकलण्याची कामं. दिवसभर तीच होत असल्याने खांद्याचा पुढचा भाग दमलेला आणि मागचा ढिला राहतो, आणि व्हीलचेअर वापरणाऱ्यांचे खांदे पुढे दुखतात ते बऱ्याच अंशी यामुळे. म्हणून ढकलण्याच्या एका व्यायामाला खेचण्याचे दोन.

बँड मागे खेचणे : बँड छातीच्या उंचीवर, कोपर अंगालगत मागे, पाठीची दोन्ही पाती एकमेकांकडे. दोन सेकंदांत खेचा, तीन सेकंदांत सोडा. खांदे कानाकडे चढले की ती उचल मोजू नका. आकडा शिकण्यासाठी हाच व्यायाम सगळ्यात चांगला, कारण चुकला तरी धोका कमी. लक्ष्य ७–८.

कोपर बगलेशी ठेवून हात बाहेर फिरवणे : कोपर आणि बरगडी यांमध्ये टॉवेलची गुंडाळी. हे स्नायू छोटे, पण खांदा जागेवर धरतात. लक्ष्य ५–६, त्याच्या वर कधीच नाही. आठला गेलात की मोठे स्नायू मदतीला धावतात आणि ज्याच्यासाठी करत होता त्यालाच काम मिळत नाही.

पलंगावर उताणं पडून वजन वर ढकलणे : तोलाची अडचण जाते, म्हणून आकडा शुद्ध मिळतो. लक्ष्य ७. वजन तोंडावर येऊ नये म्हणून शेजारी माणूस हवाच. मानेची इजा असेल तर उताणं पडल्यावर फवाऱ्याची बाटली आणि मदतनीस दोन्ही हाताशी ठेवा.

दंडाचा (कोपर वाकवणे) : लक्ष्य ७–८. ज्यांना कोपर सरळ करता येत नाही त्यांनी हा अति करू नये. दंड आखडला तर कोपर वाकलेला राहतो आणि मग हाताला कुलूप घालून (कोपर सरळ अडकवून) टेकणंही अवघड होतं. सेटनंतर कोपर पूर्ण सरळ करून घ्या.

खुर्चीच्या हातांवर जोर देऊन अंग उचलणे हा व्यायाम सगळ्यांना पहिल्या दिवशी करायचा असतो. थांबा. यात वजन कमी करायची सोयच नाही. ६५ किलोचा माणूस जवळजवळ ६५ किलोच उचलतो, त्यामुळे नवख्याचा आकडा पहिल्याच वेळी ९ ला जातो. आधी पाय जमिनीवर पक्के टेकवून, मागून कमरेच्या पट्ट्याला आधार देऊन, तीन-चारदाच. खांदा दुखत असेल तर नकोच.

इजा अपूर्ण असेल आणि पायात काही बळ आलं असेल, तर तिथले स्नायू अर्ध्याच नसांवर चालतात. नुसता पाय उचलण्यालाही आकडा ८ येतो, आणि तो खोटा नसतो. अशा स्नायूला ५–६ वर थांबवा, सेट ५–६ उचलींचाच ठेवा. पुढच्या सेटला उचल निम्म्यावर आली तर तिसरा सेट सोडा. पायाची हाडं इजेनंतर ठिसूळ होत जातात, गुडघ्याच्या वर-खाली फ्रॅक्चर होऊनही कळत नाही. त्यामुळे पाय हिसका देऊन ताणणं, त्यावर कुणी बसून दाबणं हे प्रकार घरात होऊ देऊ नका.

पहिले काही आठवडे

पहिले दोन आठवडे : सोमवार आणि गुरुवार, तीन व्यायाम, प्रत्येकी एकच सेट, १० ते १२ वेळा, आकडा ४–५. यात ताकद फारशी वाढत नाही. ढब बसते, आणि लघवी-पोट-रक्तदाब यांचं व्यायामाशी कसं जमतं ते कळतं.

तिसरा-चौथा आठवडा : दोन सेट, आकडा ६. याच काळात एकदा अंदाज तपासून घ्या. फिजिओंची परवानगी घेऊन, फक्त बँड खेचण्याच्या व्यायामात, दहाव्या उचलीला थांबून मनात ‘अजून तीन’ असं ठरवा आणि पुढे चालू ठेवा, ढब बिघडेपर्यंत. तीनच झाल्या तर आकडा बसला. सात झाल्या तर आजवरचे तुमचे ‘आठ’ प्रत्यक्षात चार-पाच होते. नवख्यांचा अंदाज बहुधा याच बाजूला चुकतो, शिल्लक कमी धरली जाते. डोक्यावरच्या व्यायामात आणि अशक्त स्नायूंवर ही तपासणी करायची नाही.

पाचव्या आठवड्यापासून : तीन सेट, ८ ते १० वेळा, मध्ये २ ते ३ मिनिटं विश्रांती. लक्ष्य ७–८ असलेल्या व्यायामांत पहिला सेट ६, दुसरा ७, तिसरा ८ असा चढ यावा. पहिलाच सेट ८ ला गेला तर वजन जास्त आहे. तिन्ही ५ वर राहिले तर कमी.

घरच्यांना वाटतं, एवढं सोसलेल्या माणसाला वजन उचलायला लावणं म्हणजे छळ. ही माया समजते, पण चारावर थांबवलेला हात वर्षभराने अंग पेलू शकत नाही. इस्लामपूरजवळच्या पेठचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले, आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये त्यांनी सुवर्णपदक जिंकलं. प्रत्येकाला पदक नको असतं. पण स्वतःच्या हातांनी पलंगावरून खुर्चीत जायचं असेल तर सात-आठपर्यंत जावंच लागतं.

तेच वजन, पण आकडा चढला

मागच्या आठवड्यात सहा होता, आज आठ. ताकद चार दिवसांत कमी होत नाही, त्यामुळे कारण दुसरीकडे शोधा.

एप्रिल-मे मध्ये सांगलीत पारा चाळिशीला टेकतो. घाम येत नसल्यामुळे आतली उष्णता बाहेर पडत नाही, आणि मानेच्या इजेत तर माणूस बसल्या जागी तापतो. सकाळी ऊन चढायच्या आत व्यायाम उरका, मानेवर ओला पंचा ठेवा, हात-तोंडावर पाणी फवारा आणि समोर पंखा लावा. वीज गेली तर त्या दिवशीचा व्यायाम संध्याकाळवर. आकडा एकाने चढला तर वजन उतरवा. डोकं जड झालं, मळमळलं तर थांबाच.

लघवी गढूळ, वास येणारी, थोडी कणकण : संसर्ग असू शकतो. व्यायाम बंद, डॉक्टर. पोट दोन-तीन दिवस साफ नसेल तरी आकडा चढतो. झटक्यांसाठी बॅक्लोफेन चालू असेल आणि डोस नुकताच वाढला असेल, तर गुंगीमुळे सगळंच जड वाटतं. दोन-तीन आठवडे वजन वाढवू नका.

आदल्या दिवशी किती खुर्ची ढकलली हेही पाहा. सांगलीचे रस्ते सपाट, साताऱ्यात चढ-उतार. साताऱ्यात बाजारात जाऊन आलेल्या माणसाच्या खांद्यांनी एक सेट आधीच केलेला असतो.

आणि व्यायाम चालू असताना दर १५ ते ३० मिनिटांनी पुढे किंवा बाजूला वाकून बसायच्या जागेवरचा दाब दोनेक मिनिटं काढायचा. आकड्यांच्या नादात हे राहून जातं.

इथे आकडा विचारायचा नाही, थांबायचं

डी ६ किंवा वरच्या इजेत, खाली कुठे टोचलं-तुंबलं तर शरीर रक्तदाब एकदम वर नेतं. डोकं ठणकायला लागतं, चेहरा लाल होतो, मानेवर-कपाळावर घाम फुटतो, अंगावर काटा येतो, नाक चोंदतं, नाडी संथ होऊ शकते. व्यायामात नवखा याला ‘जोर लागला’ समजतो, आणि घामाची सवय असलेले घरचे तर खूशच होतात. हा ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया असू शकतो, आणि त्याने मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

मानेच्या इजेत नेहमीचा वरचा रक्तदाब ९० ते ११० असतो. त्यात २० ते ४० ची वाढ ही धोक्याची. म्हणजे १३५ हा आकडा इतरांना चांगला दिसला तरी या माणसासाठी तो धोक्याचा असू शकतो. म्हणूनच आपला रोजचा रक्तदाब वहीत लिहिलेला हवा.

करायचं ते असं. सरळ बसवा, पाय खाली सोडा. आडवं झोपवू नका, त्याने दाब अजून चढतो. पोटाचा, छातीचा पट्टा, बूट, लघवीच्या पिशवीची पायाची पट्टी सैल करा. कॅथेटरची नळी मुडपलीय का, पिशवी भरलीय का पाहा. नळी नसेल तर कॅथेटर घालून मूत्राशय रिकामं करा. मग पोट तुंबलंय का, कुठे काही टोचतंय का ते बघा. दर २ ते ५ मिनिटांनी रक्तदाब मोजा. उतरत नसेल तर १०८ ला फोन करा. ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया हे नाव आणि नेहमीचा रक्तदाब एका कार्डावर लिहून खुर्चीच्या खिशात ठेवा. लहान दवाखान्यात हे प्रत्येकाला ठाऊक असेलच असं नाही.

याच्या बरोबर उलट प्रकारही होतो. बसल्यावर किंवा सेटनंतर डोळ्यांपुढे अंधारी, कान बंद, चेहरा पांढरा. हा रक्तदाब उतरल्याचा प्रकार. तेव्हा खुर्ची मागे कलती करून पाय वर घ्या. दोन्हींत फरक ओळखता येत नसेल तर आधी यंत्र लावा. डोकं ठणकत असेल तर बसवा, डोळ्यांपुढे अंधारी असेल तर कलतं करा.

व्यायामाला बसण्याआधी मूत्राशय रिकामं करणं हा यातला सगळ्यात स्वस्त विमा.

वही आणि वजन वाढवणं

एका ओळीत सगळं मावतं : ‘सोम. – मागे खेच – हिरवा, रेघ २ – १०, १०, ९ – आकडा ६, ७, ८ – रग, रग, तोल – खांदा ०.’ दुसऱ्या दिवशी सकाळी एकच ओळ जोडायची : पलंगावरून खुर्चीत जाणं नेहमीसारखं, की जड? जड असेल तर कालचा आकडा काहीही असो, तो जास्त होता. पुढच्या वेळी एक सेट कमी. याच कारणासाठी व्यायाम संपल्यावर लगेच आंघोळीचं किंवा संडासचं सरकणं ठेवू नका, अर्धा-पाऊण तास जाऊ द्या.

सलग दोन दिवस तिसरा सेट ६ किंवा त्याखाली आणि कारण ‘रग’ असेल तर वाढवा. आधी वेळा ८ वरून १२ पर्यंत, मग वजन अर्ध्या किलोने किंवा खुर्ची एका रेघेने मागे, आणि वेळा परत ८ वर. दोन्ही एकदम वाढवू नका. बाहेर फिरवण्याच्या व्यायामात दोन-दोन महिने तोच बँड राहिला तरी चालतं.

आजारपणामुळे किंवा दवाखान्यात राहावं लागल्यामुळे दोन आठवड्यांपेक्षा जास्त खंड पडला तर निम्म्या वजनाने, एका सेटने, पाचाच्या आकड्यापासून परत सुरुवात करा. जुनं वजन हळूहळू परत येतं, पण पहिल्या दिवशी ते उचलून बघायचा मोह आवरा. ताप उतरल्यानंतर पहिल्या आठवड्यात पाचाच्या वर जायचं नाही.